पोर्टेबल डॅक-ॲम्पची तुलना: आधी हेडफोनचं गणित, मग खरेदी

मराठवाड्यात पोर्टेबल डॅक-ॲम्प, म्हणजे फोन आणि हेडफोनच्या मध्ये लावायचं आवाजाचं छोटं यंत्र, घ्यायचा म्हटलं की पहिली अडचण येते ती ऐकून बघण्याची. संभाजीनगरच्या पैठण गेटला, लातूरच्या गंजगोलाईत मोबाईलची दुकानं भरपूर आहेत. पण चार डोंगल (फोनच्या भोकात खोचायचे छोटे डॅक-ॲम्प) काउंटरवर मांडून "तुमचा हेडफोन लावा आणि ठरवा" म्हणणारं दुकान मिळणं अवघड. उदगीर, किनवट, परंडा इथं तर सगळी भिस्त ऑनलाइन मागवण्यावर. म्हणून इथल्या माणसानं क्रम बदलायला हवा: आधी कागदावर हेडफोनची गरज काढायची, मग यंत्राचे आकडे त्या गरजेला लावून बघायचे, मग मागवायचं, आणि परतीची मुदत संपायच्या आत घरी नीट तपासायचं. कुठली चिप आहे, किती किलोहर्ट्झ लिहिलंय, याला या क्रमात फार खालची जागा आहे.

मुळात गरज आहे का

डॅक फाइलमधल्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करतो आणि ॲम्प त्या सिग्नलला हेडफोन हलवण्याइतकं बळ देतो. ब्लूटूथ हेडफोनच्या पोटात ही दोन्ही कामं आधीच होतात, त्यामुळे वायरलेस वापरणाऱ्यानं या भानगडीत पडायचं कारण नाही. फोनला हेडफोनचं ३.५ मिमीचं भोक आहे, तुमचा इअरफोन पाऊण व्हॉल्यूमवर पुरेसा मोठा वाजतो आणि शांत खोलीत सूं-सूं ऐकू येत नाही, तर तिथंच थांबा. ते पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाला, कारण दोन हेडफोनमधला फरक दोन बऱ्या डॅकमधल्या फरकापेक्षा कैक पटींनी मोठा असतो. क्लासचे रेकॉर्ड केलेले तास ऐकायला तर कुठल्याही साध्या डोंगलनं भागतं.

गरज खरी कधी लागते? फोनला ३.५ मिमीचं भोकच नसेल तेव्हा, हेडफोन जड असेल तेव्हा, किंवा फोनच्या आउटपुटमध्ये खरखर येत असेल तेव्हा.

हेडफोनला किती लागतं ते काढा

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे बघा: इम्पीडन्स, म्हणजे हेडफोन विजेला किती ओहम अडथळा करतो, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती डेसिबल वाजतो. दुसऱ्या आकड्यात एक खोच आहे. काही कंपन्या तो १ मिलिवॅटला किती डेसिबल असा देतात, काही १ व्होल्टला किती असा. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करता येत नाही.

मिलिवॅटचा आकडा व्होल्टमध्ये आणायला त्यात ठरावीक भर घाला. १६ ओहमला १८, ३२ ला १५, ८० ला ११, २५० ला ६, ३०० ला ५.२ डेसिबल. (सूत्र हवं असेल तर १००० भागिले ओहम, त्याचा १० च्या पायावरचा लॉग, गुणिले १०.)

आता लक्ष्य ठरवा. आवाजाच्या शिखराला ११० डेसिबल मिळाले की पुरे. हा आकडा सलग ऐकण्यासाठी नाही. सरासरी ७५ ते ८० डेसिबलवर ऐकताना पखवाजाची थाप किंवा संबळाचा ठोका त्याच्या २० डेसिबल वर उडी मारतो, आणि इक्वलायझर (खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) लावला तर आणखी पाच-दहा डेसिबलची जागा लागते. त्यासाठी ही राखीव शक्ती. सलग ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि आवाज वाढवला की ही मुदत झपाट्यानं कमी होते. एसटीत खिडकीपाशी बसून इंजिनाच्या वर आवाज नेण्यासाठी ताकदवान ॲम्प घेणं हा कानांवर अन्याय आहे. तिथं कानात घट्ट बसणारा, बाहेरचा आवाज अडवणारा इअरफोन घ्या.

गणिताचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो. हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत येतो आणि सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल प्रति मिलिवॅट आहे. ११० ला पोचायला १४ डेसिबल कमी पडतात, म्हणजे शक्ती लागते २५ मिलिवॅट, तिन्ही प्रकारांना तेवढीच. पण ती शक्ती पोचवायची तऱ्हा वेगळी:

३२ ओहम: ०.९ व्होल्ट, २८ मिलिअँपिअर
८० ओहम: १.४ व्होल्ट, १८ मिलिअँपिअर
२५० ओहम: २.५ व्होल्ट, १० मिलिअँपिअर

म्हणून "हा ॲम्प इतक्या मिलिवॅटचा" हे एकटं वाक्य काहीच सांगत नाही. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्ट लागतात, कमी ओहमच्या जड हेडफोनला करंट. ३२ ओहम आणि ९१ डेसिबल प्रति मिलिवॅट असा प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन घेतला तर त्याला ७९ मिलिवॅट, म्हणजे १.६ व्होल्ट आणि तब्बल ५० मिलिअँपिअर लागतात. व्होल्ट फारसे नाहीत, पण करंट २५० ओहमवाल्याच्या पाचपट.

सेनहायझर आपला आकडा १ व्होल्टला देते. एचडी ५६०एस १ व्होल्टला ११० डेसिबल, एचडी ६५० १०३ डेसिबल. पहिल्याला बरोबर १ व्होल्ट लागेल, दुसऱ्याला ७ डेसिबल जास्त, म्हणजे २.२ व्होल्ट. तोंडी हिशेबासाठी एवढं लक्षात ठेवा: ६ डेसिबल कमी पडले की व्होल्ट दुप्पट, १० कमी पडले की सव्वातीन पट, २० कमी पडले की दहापट. उलट दिशेनंही तसंच. मूनड्रॉप चूसारखा स्वस्त इअरफोन १ व्होल्टला १२० डेसिबल देतो, म्हणजे त्याला ०.३२ व्होल्ट झाले. जवळपास कुठलाही फोन ते देतो. अशा इअरफोनसाठी ताकद बघून डोंगल निवडणं हे मुळातच चुकीच्या आकड्याकडे बघणं आहे. त्याला काय बघायचं ते पुढे येतंच.

यंत्राचे आकडे कसे वाचायचे

यंत्राच्या जाहिरातीत सगळ्यात मोठा छापलेला आकडा असतो तो शक्तीचा. त्याच्यापुढे "किती ओहमला" हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा. लिहिलेलं असेल तर त्यावरून व्होल्ट काढा: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. फिओ केए११ या छोट्या डोंगलसाठी कंपनी ३२ ओहमला २०० मिलिवॅट सांगते. ०.२ गुणिले ३२ म्हणजे ६.४, वर्गमूळ २.५३ व्होल्ट, करंट ७९ मिलिअँपिअर. वर सांगितलेल्या प्लॅनरलाही हा पुरून उरेल. त्याच २.५३ व्होल्टवर ३०० ओहमला किती मिळतात? जेमतेम २१ मिलिवॅट. आकडा दहापट घसरलेला दिसतो, पण एचडी ६५० ला १७ च लागतात, म्हणजे तिथंही भागतं. २०० कडे बघून हुरळू नका आणि २१ बघून नाक मुरडू नका. दोन्ही एकाच व्होल्टेजची रूपं आहेत.

उलटा फसवा प्रकार असतो तो "४ व्होल्ट आउटपुट" म्हणून मिरवणारा. ३०० ओहमला ४ व्होल्ट म्हणजे १३ मिलिअँपिअर, कुणीही देईल. ३२ ओहमला ४ व्होल्ट म्हणजे १२५ मिलिअँपिअर, तेही दोन्ही कानांना. फोनच्या बॅटरीवर चालणारे बरेच डोंगल तिथं दम टाकतात: जोरकस ठोक्याला आवाज फाटतो किंवा डोंगल फोनपासून तुटून परत जोडला जातो. म्हणून माहितीपत्रकात ३२ आणि ३०० असे दोन्ही आकडे शोधा. एकच दिला असेल तर दुसरी बाजू तिथं कच्ची असेल असं धरून चाला.

ॲपलचा टाइप-सी ते ३.५ मिमी डोंगल या सगळ्यात वेगळा पडतो. दिसायला वायरचा तुकडा, पण लॅपटॉपला लावला तर सुमारे १ व्होल्ट स्वच्छ आउटपुट देतो. वरच्या हिशेबाप्रमाणे एचडी ५६०एस आणि ३२ ओहमचा डीटी ७७० त्यावर निर्धास्त चालतात. २५० ओहमवाला मात्र ८ डेसिबल कमी पडतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आतला व्हॉल्यूम कमीच राहतो आणि फोनचं बटण पूर्ण वर नेलं तरी आवाज दबका येतो. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे ॲप तो आतला व्हॉल्यूम वर नेऊ शकतं, पण फक्त त्या ॲपमधून वाजणाऱ्या गाण्यांपुरता. दुसरं, युरोपात विकली जाणारी त्याची आवृत्ती जवळपास अर्धाच व्होल्ट देते. तिकडून कुणी नातेवाईक आणणार असेल तर आधी कळवा.

इअरफोनवाल्यांनी आउटपुट इम्पीडन्स आणि खरखर बघावी

ॲम्पचा स्वतःचाही एक अडथळा असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा हा जुना आणि कामाचा नियम. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमपर्यंत चालेल.

हा नियम सगळ्यात जास्त बोचतो तो एका कानात अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनला, कारण त्यांचा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला वेगळा असतो. समजा एक इअरफोन खर्जात ३० ओहम आणि वरच्या पट्टीत ८ ओहम दाखवतो. १० ओहम आउटपुट इम्पीडन्सच्या ॲम्पला लावला तर खर्जाच्या तुलनेत वरची पट्टी साडेचार डेसिबल खाली जाते. टाळांची किणकिण बसते, आवाजावर पांघरूण टाकल्यासारखं होतं, आणि दोष बिचाऱ्या इअरफोनवर येतो. तोच इअरफोन १ ओहमच्या ॲम्पवर पाऊण डेसिबलही हलत नाही. एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेले साधे इअरफोन सहसा सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखे राहतात, त्यांना एवढी चिंता नाही.

खरखरीचा आकडा मायक्रोव्होल्टमध्ये असतो. १ व्होल्टला १२० डेसिबल देणाऱ्या इअरफोनवर १० मायक्रोव्होल्टची खरखर २० डेसिबलची होते. रात्री गावाकडं, पंखा बंद असताना ती स्पष्ट ऐकू येते. २ मायक्रोव्होल्टचा ॲम्प असेल तर तीच ६ डेसिबलवर उतरते आणि हरवून जाते. म्हणून नाजूक इअरफोनसाठी २-३ मायक्रोव्होल्टच्या आतला ॲम्प शोधा आणि ताकदीकडे दुर्लक्ष करा. ताकदवान ॲम्पवर अशा इअरफोनला आणखी एक त्रास होतो: फोनच्या व्हॉल्यूमच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच कान दुखतात. त्यावर उपाय म्हणजे लो-गेन (ॲम्पचा जोर कमी ठेवायची सोय) असलेलं यंत्र, किंवा ज्याची बटणं स्वतःच्या आतला व्हॉल्यूम बारीक पायऱ्यांनी बदलतात असं यंत्र. काही डोंगलची बटणं नुसती फोनला हुकूम धाडतात, त्यानं पायऱ्या वाढत नाहीत. माहितीपत्रकात "स्वतंत्र व्हॉल्यूम" आहे का ते बघून घ्या.

बॅलन्स्ड आउटपुट: जपून

बऱ्याच यंत्रांना ३.५ मिमीशेजारी ४.४ मिमीचं जाड भोक असतं. त्या प्लगवर पाच पट्टे असतात. टोकापासून क्रमानं डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण आणि शेवटी ग्राउंड. साध्या प्लगमध्ये दोन्ही कानांची परतीची तार एकच असते, इथं प्रत्येक कानाला स्वतःचे दोन ॲम्प मिळतात, यालाच बॅलन्स्ड म्हणतात. म्हणून व्होल्टेज साधारण दुप्पट होतं. मूनड्रॉप डॉन प्रो ३.५ वर २ व्होल्ट आणि ४.४ वर ४ व्होल्ट देतो तो याच रचनेमुळे. मात्र आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो आणि खरखर बहुधा थोडी वाढते. २५०-३०० ओहमच्या हेडफोनला बॅलन्स्ड खरंच उपयोगी आहे. नाजूक इअरफोनला त्यातून काही मिळत नाही, वर केबलचा खर्च.

आता धोक्याची गोष्ट. साध्या ३.५ मिमी हेडफोनला ४.४ च्या भोकात बसवणारे ॲडॉप्टर बाजारात सर्रास मिळतात. ते लावू नका. साध्या प्लगमध्ये डावा आणि उजवा ऋण एकत्र जोडलेले असतात, त्यामुळे यंत्राचे दोन ॲम्प एकमेकांत शॉर्ट होतात आणि जळू शकतात. उलटा ॲडॉप्टर, म्हणजे ४.४ चा हेडफोन ३.५ च्या भोकात, बिनधास्त चालतो.

चिप, किलोहर्ट्झ आणि ब्लूटूथ

ईएसएस, सिरस लॉजिक, एकेएम या तिन्ही कंपन्यांच्या आजच्या चिप कानाच्या कुवतीच्या पुढे गेलेल्या आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये एकेएमच्या जपानमधल्या नोबेओका इथल्या कारखान्याला आग लागली, तेव्हा अनेक कंपन्यांनी चिप बदलून यंत्रं नव्यानं आखली. चिप बदलली तरी यंत्र चांगलं राहू शकतं आणि तीच चिप ठेवूनही वाईट होऊ शकतं. तिच्या भोवतीचा वीजपुरवठा आणि ॲम्प कसे बांधलेत यावर सगळं आहे. ३८४ किलोहर्ट्झ की ७६८ (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने) यावरून यंत्र निवडू नका. सीडीच ४४.१ ची असते.

ब्लूटूथ आणि यूएसबी दोन्ही घेणारी यंत्रं, जशी क्वेडेलिक्स-५के किंवा फिओची बीटीआर मालिका, प्रवासात सोयीची. यंत्र खिशाला अडकवायचं आणि फोन पिशवीत ठेवायचा. एलडॅक हा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) सिग्नल चांगला असताना सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, गर्दीच्या डब्यात ३३० पर्यंत उतरतो. तपोवन एक्स्प्रेसमध्ये आवाज तुटायला लागला तर फोनच्या सेटिंगमध्ये तो ६६० वर कायम करा. क्वेडेलिक्सचा खरा गुण त्याचा इक्वलायझर यंत्रातच बसतो हा आहे. फोन बदला, लॅपटॉपला लावा, तुमची जुळणी तशीच राहते.

फोनशी जमतं का, हे मागवायच्या आधी बघा

ओप्पो, रिअलमी, वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं यंत्र जोडायची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि १० मिनिटं काही न जोडलं तर ते आपोआप बंद होतं. "डोंगल बिघडलाय" म्हणून परत पाठवलेल्या मालात कितीतरी वेळा एवढंच कारण असतं. आयफोन १४ पर्यंत लायटनिंगचं भोक आहे, त्याला लायटनिंगची डेटा केबल वेगळी लागते आणि ते भोक फार करंट देत नाही, त्यामुळे भुकेले डोंगल नाकारले जातात. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे, तिथं ही कटकट नाही.

गल्लोगल्ली मिळणाऱ्या स्वस्त टाइप-सी ते ३.५ कनेक्टरमध्ये कित्येकदा डॅकच नसतो, आत नुसत्या तारा असतात. ते फक्त काही ठरावीक फोनवर वाजतात, ज्यांच्या टाइप-सीमधून थेट ॲनालॉग आवाज बाहेर येतो. ओळखायची युक्ती सोपी: लॅपटॉपच्या टाइप-सीला लावा. ध्वनीच्या यादीत नवीन यंत्र उमटलं तर आत डॅक आहे. काहीच उमटलं नाही तर तो पैसे वाया घालवणारा वायरचा तुकडा.

स्वतःची बॅटरी असलेली यंत्रं फोन रिकामा करत नाहीत आणि जड हेडफोनला दमदार करंट देतात. बदल्यात वजन वाढतं, चार्जिंगची आणखी एक जबाबदारी येते आणि दोन-चार वर्षांनी बॅटरी बदलायचा प्रश्न उभा राहतो, ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळपास नसतं. रोजच्या जाण्या-येण्याला आम्ही बिनबॅटरीचा डोंगलच सुचवू. बॅटरीवालं यंत्र, डोंगलच्या करंटनं भागत नाही असा जड हेडफोन असेल तरच.

घरी आल्यावर: आवाज जुळवल्याशिवाय तुलना नाही

दोन यंत्रांत एक डेसिबलभर जरी जास्त वाजलं तरी कान त्यालाच "मोकळं, भरीव" म्हणतो. मोठा आवाज चांगला वाटणं हा कानाचा स्वभाव आहे. म्हणून आधी मल्टीमीटरनं आवाज जुळवायचा.

लागणारं सामान: ३.५ मिमीचा वाय-स्प्लिटर (एका भोकाची दोन करणारा), एक जुनी ऑक्स केबल आणि एसी मिलिव्होल्ट किंवा २ व्होल्टची एसी रेंज असलेला मल्टीमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात दीड-दोनशेला मिळणारा पिवळा डीटी-८३०डी इथं कामाचा नाही, त्याची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते. ऑक्स केबल मधोमध कापा आणि बाहेरचं प्लास्टिक सोला. आत केसासारख्या रंगीत तारा निघतील, त्यांवर लाखेचा थर असतो. तो पॉलिश पेपरनं खरवडल्याशिवाय मीटर शून्यच दाखवतो. रंगांवर विसंबू नका. मीटरच्या बीप रेंजवर एक सुई प्लगच्या टोकाला लावा आणि कुठली तार वाजते ते बघा: टोक म्हणजे डावा कान, मधला पट्टा उजवा, बुडाचा ग्राउंड. केबलला माईकचा चौथा पट्टा असेल तर ती वापरू नका. आणि ही जोडणी फक्त ३.५ च्या भोकावर करायची, ४.४ वर नाही.

स्प्लिटरच्या एका फाट्याला हेडफोन, दुसऱ्याला ही कापलेली केबल लावा आणि मीटरच्या सुया डाव्या तारेला व ग्राउंडला. ३०० हर्ट्झचा शुद्ध सूर वाजवा. १ किलोहर्ट्झ घेऊ नका, कारण स्वस्त मीटर ५० हर्ट्झसाठी बनलेले असतात आणि वरच्या पट्टीत कमी दाखवतात. या वेळी हेडफोन कानावर ठेवू नका. पहिल्या यंत्रावर समजा ०.३०० व्होल्ट आले, तर दुसरं ०.२९७ ते ०.३०३ च्या मध्ये आणा. एवढा एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत. फोनच्या पायऱ्यांनी इतकं बारीक जुळत नाही. विंडोज लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरच्या प्रीॲम्पमधून ०.१ डेसिबलनं हलवता येतं.

मग दुसऱ्या माणसाला यंत्रं बदलायला बसवा, तुम्ही पाठ करून ऐका आणि कुठलं यंत्र ते सांगा. असं दहा वेळा करा. दहापैकी सहा-सात बरोबर येणं नुसत्या अंदाजानंही होतं. नऊ किंवा दहा बरोबर आले तरच फरक खरा धरा, कारण अंदाजानं तसं होण्याची शक्यता शंभरात एक आहे. फरक कळलाच नाही तर स्वस्त यंत्र ठेवा आणि महाग परत पाठवा.

ऐकायला काय लावायचं? तानपुऱ्यानं सुरू होणारी मंद मैफल खरखर उघडी पाडते. नुसतं गाणं थांबवून खरखर तपासू नका, कारण कित्येक डॅक सिग्नल थांबला की स्वतःहून मुके होतात. अगदी हळू वाजणारा भागच हवा. कीर्तनातले टाळ आणि झांज वरच्या पट्टीचा कस लावतात. पखवाजाच्या डाव्या पुडीची घुमारदार थाप जड हेडफोनवर फाटते की नाही हे करंटचं माप.

आउटपुट इम्पीडन्स कंपनीनं दिला नसेल तर याच मीटरनं काढता येतो. हेडफोन काढून टाका, व्हॉल्यूम अर्ध्या व्होल्टवर आणा आणि आकडा टिपा. मग डाव्या तारेत आणि ग्राउंडमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर जोडा (टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे रुपया-दोन रुपयांत मिळतो) आणि पुन्हा टिपा. पहिला आकडा भागिले दुसरा, त्यातून १ वजा, गुणिले ३३. अर्ध्याचा ०.४८५ झाला तर १.०२ ओहम. ०.४ झाला तर ८ ओहमच्या वर, आणि असं यंत्र नाजूक इअरफोनला नको.

बिघाड आणि त्यामागची कारणं

लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडफोनमध्ये गूंऽऽ आवाज आणि चार्जर काढला की गायब: डॅकचा दोष नाही, बहुधा घराच्या अर्थिंगचा आहे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की तारेचा जमिनीशी नीट संबंध राहत नाही आणि चार्जरची गळती वीज ऑडिओच्या ग्राउंडवर येते. लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवल्यावर झिणझिण्या येत असतील तर ही शक्यता आणखी वाढते. खड्ड्यात पाणी-मीठ घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तोवर बॅटरीवर ऐका. काही घरगुती इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतात, भारनियमनाच्या वेळी त्यावर चार्जर असेल तर हाच त्रास वाढतो.

टिक-टिक किंवा टर्र-टर्र असा तुटक आवाज येत असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. थांबला तर कारण मोबाईलच्या लहरी. रेंज कमी असलेल्या ठिकाणी फोन जास्त जोर लावतो, म्हणून शेतात त्रास होतो आणि शहरात होत नाही. डोंगलची केबल बदलून किंवा डोंगल फोनपासून थोडा दूर ठेवून बघा.

जरा हललं की डोंगल तुटतो: आधी फोनच्या टाइप-सीमधली धूळ लाकडी टूथपिकनं काढा. आपल्याकडच्या धुळीत खिशातली रुई मिसळून तिथं घट्ट बूच बसतं, प्लग पूर्ण आत जात नाही आणि दोष केबलवर जातो. फोन बंद करून हे काम करायचं, धातूची पिन अजिबात घालायची नाही. एकाच कानात आवाज आला तर प्लग शेवटपर्यंत "टक" होऊन बसलाय का बघा.

बिनबॅटरीचा डोंगल वाजताना कोमट होतो, ते ठीक. चटका बसण्याइतका तापला किंवा तापून बंद पडला तर परत पाठवा. बॅटरीवाल्या यंत्राचं मात्र एप्रिल-मेमध्ये जपावं लागतं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. परभणी-नांदेडच्या दुपारी, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत तापमान त्याच्या बरंच पुढे जातं. दुचाकीच्या डिकीत यंत्र ठेवू नका, चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा, आणि महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.